आधी कंदील सोड

पुणे
सोमवार, ८ मार्च १९९९

प्रिय दादास,
साक्षीचा सप्रेम जयभीम.

हे पत्र आधी तू एकटा वाच, मग मायला वाचून दाखव. मला एक कबुली द्यायची आहे. मी रविवारी टायपिंगच्या क्लासला जाते असं जे दोन महिने लिहीत आले, ते खोटं होतं. टायपिंग तर कधीचंच शिकून झालं. रविवारी मी डोंगरावर जाते.

आमच्या ऑफिसातले स्वानंद सर सुट्टीच्या दिवशी शहरातल्या लोकांना बाहेर नेतात. कुणी कड्यावरून दोराने उतरतं, कुणी दोन टेकड्यांमध्ये बांधलेल्या दोराला लटकत पलीकडे जातं, मग झाडाखाली पिठलं-भाकरी आणि संध्याकाळी घरी. आपल्याकडे भर उन्हात डोंगर चढणारा माणूस हरवलेली शेळी शोधत असतो. इथे त्यासाठी आठवडाभर आधी नाव नोंदवावं लागतं.

काल मी सिंहगडाच्या बाजूला नव्वद फुटांचा कडा उतरले. कड्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि मागे झुकायचं. तसं झुकताना माझी पाचावर धारण बसली होती. मला बा आठवला. तो गेला तेव्हा मी सहा वर्षांची होते, त्यामुळे त्याचा चेहरा नीट आठवत नाही, दोराने घट्टे पडलेले हात तेवढे आठवतात. वाटलं, दोर तुटला तेव्हा त्याला असंच वाटलं असेल. तरीही उतरले, आणि खाली पोचल्यावर परत वर जाऊन पुन्हा उतरले.

माझ्या खोलीतली मधुवंती मला वेडी म्हणते. ती होस्टेलचा जिनासुद्धा कठडा धरून उतरते. रात्री एकटीने एसटीत बसायचं म्हटलं तरी तिला ताप येतो. तेव्हा तिचं म्हणणं मनावर घेऊ नकोस. तू मात्र रागावू नकोस.

तुझी
साक्षी


डोंगरकडा
ता. १७ मार्च १९९९

चि. साक्षीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र शाळेतच मिळालं. दुपारच्या सुट्टीत वाचलं आणि सुट्टी संपल्याची घंटा द्यायची राहून गेली. पोरांची चंगळ झाली. हेडमास्तर म्हणाले, भीमराज, घरी सगळं ठीक आहे ना. मी हो म्हणालो.

तू गमतीनं लिहिलंस, पण इथं माझ्या काळजाचं पाणी झालं. आपल्या घरानं दोराचं नाव घ्यावं का? विहिरीचा गाळ काढावा तर जळबानं, असं लोक आजही म्हणतात. त्या माणसाला दोरानं दगा दिला. आपलं तोंड दुधानं पोळलेलं आहे, आपण ताकसुद्धा फुंकून प्यायचं. बा गेल्यापासून पंधरा वर्षांत मी विहिरीच्या कठड्याला हात लावलेला नाही. शाळेचं पाणी हापशावरून आणतो, दोन फेऱ्या जास्त पडल्या तरी.

मायला तुझं पत्र वाचून दाखवलं, डोंगराचा भाग गाळून. तिला अक्षर येत नाही, पण मी ओळ सोडली की ती माझ्या तोंडाकडं बघत राहते. आणखी काय लिहिलंय, असं विचारलं. मी म्हणालो, पुण्यात गारठा कमी झालाय.

हे सोडून दे. शहर बघायचं तर बाग बघ, पेशवे पार्कात वाघ आहे म्हणतात, तो बघ. तो तरी पिंजऱ्यात असतो.

तुझा दादा
भीमराज


पुणे
सोमवार, ५ एप्रिल १९९९

प्रिय दादास,
सप्रेम जयभीम.

वाघ बघितला. तो झोपलेला होता.

मी सोडलं नाही, हे आधीच सांगते. उलट आता सरांनी माझ्यावर एक काम सोपवलं आहे. दोर तपासायचं. दर शनिवारी मी सगळे दोर हाताखालून वीतवीत सरकवते, कुठे तंतू सुटला असेल तर तो दोर बाजूला. गाठी मी बांधते, दुसरा कुणीतरी तपासतो, आणि परत मी तपासते. एकाच्या जागी दोन दोर लावते. मुलं मला दोरवाली म्हणतात. म्हणोत. आपल्या घरात जे झालं ते दुसऱ्याच्या घरात माझ्या हातून होऊ नये, एवढंच मला कळतं.

आणि पाहुण्यांच्या आधी मी उतरते. हा माझा नियम आहे. दोर आधी माझं वजन घेईल, मग इतरांचं. प्रत्येक वेळी तळहाताला घाम फुटतो, दादा. लोकांना वाटतं ही मुलगी धीट आहे. खरं तर त्या सगळ्यांत जास्त भ्यालेली मीच असते.

एक विचारायचं होतं. मला कामाला उपयोगी पडेल. बाचा दोर नेमका कुठे तुटला? गाठीपाशी, काठाच्या दगडावर घासून, की मधे? घरात हे कधी कुणी बोललं नाही. मायला विचारायचं धाडस मला होत नाही.

साक्षी


डोंगरकडा
ता. २३ एप्रिल १९९९

चि. साक्षीस,
आशीर्वाद व जयभीम.

उत्तराला उशीर झाला. जयंतीची गडबड होती. मिरवणूक चांगली झाली, माय शेवटपर्यंत चालली.

तू विचारलंस ते लिहितो. दोर मधोमध तुटला. सुताचा होता, जुना झालेला. याच्यापुढं मला काही विचारू नकोस. मी दोनदा हे पत्र लिहिलं आणि दोनदा फाडलं. आजकाल झोप लागत नाही, डोळा लागला की हाताला दोराचा चटका बसतो आणि मी उठून बसतो. तुझ्या वहिनीला वाटतं पित्त झालंय.

तुझ्या पाया पडतो म्हटलं तर मोठ्या भावाला शोभत नाही. पण सोडून दे हे.

एक मेपासून आपला हिंगोली जिल्हा वेगळा होतोय. पत्त्यावर आता परभणी लिहू नकोस.

भीमराज


पुणे
सोमवार, १० मे १९९९

मु. पो. डोंगरकडा, ता. कळमनुरी, जिल्हा हिंगोली येथील माझ्या घाबरट दादास जयभीम.

बघ, पत्ता बरोबर लिहिला की नाही.

मधोमध तुटला हे कळल्यापासून मी दोराचा मधला भाग दोनदा तपासते. तुझं ते एक वाक्य फार उपयोगी पडलं. तुला लिहायला किती जड गेलं असेल तेही कळलं.

आता जे सांगणार आहे ते ऐकून ओरडू नकोस. येत्या रविवारी, सोळा तारखेला, मुळशीच्या रस्त्याला एका मळ्यात आमची सहल आहे. एका कंपनीचे चाळीसेक लोक येणार. कडे सगळ्यांनी पाहिलेले आहेत, म्हणून या वेळी विहिरीत उतरायचं. साठ फूट खोल, दगडी बांधकामाची. मळ्याच्या मालकाने नऊ वर्षांपूर्वी वरून लोखंडी पत्र्याचं झाकण बसवलं, तेव्हापासून ती बंदच आहे. भोवती वडाची झाडं, त्यामुळे आधीचा पाला तळाशी साठलेला असणार आणि गुडघाभर पाणी. झाकण पाहुण्यांसमोरच उघडायचं, म्हणजे मजा येईल, असं सरांनी ठरवलं आहे. नेहमीप्रमाणे पहिली मी उतरणार.

परवा जागा बघून आले. विहीर म्हटल्यावर मी नाहीच म्हणणार होते. मग वाटलं, किती दिवस भ्यायचं? बा जिथे गेला तिथे मी एकदा उतरून वर आले, तर तुझीही भीती जाईल आणि माझीही. दोन नवे दोर आहेत, दोन्ही मी तपासले. वडाला बांधायचे. ते झाड हत्ती पेलेल.

शनिवारी दुपारीच आम्ही तिकडे जाऊ. सोमवारी तुला लिहीन.

साक्षी


तार
कळमनुरी, १५ मे १९९९

कु. साक्षी जळबा खिल्लारे, मुलींचे वसतिगृह, पुणे

विहिरीत उतरू नको. आधी पेटता कंदील सोड. विझला तर कुणालाच उतरू देऊ नको. दोर तुटला नव्हता. दादा.


पुणे
सोमवार, १७ मे १९९९

दादा,

मी जिवंत आहे. हे पहिलं वाक्य मायला आधी वाचून दाखव, मग पुढचं वाच.

तार शनिवारी संध्याकाळी होस्टेलवर आली. मी दुपारीच निघून गेले होते. तार मधुवंतीने घेतली. तिला त्यातलं काही कळलं नाही, एवढंच कळलं की दादा घाबरला आहे. मळ्यावर फोन नाही. ती रात्रभर जागी बसली आणि पहाटेच्या पहिल्या एसटीने निघाली. मुळशीच्या फाट्यापासून तीन मैल चालत आली. कठडा धरून जिना उतरणारी मधुवंती. धापा टाकत ती वडाखाली आली, तेव्हा माझ्या कमरेला पट्टा होता, दोर लागलेला होता आणि एक पाय आत होता. दोनच मिनिटं आणखी गेली असती.

मी तार वाचली आणि पाय बाहेर काढला. का काढला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. सरांना म्हटलं, कंदील हवा. लोक हसले. एकजण म्हणाला, बाईसाहेबांना अंधाराची भीती वाटते. राखणदाराची बायको मोतीबाई तेवढी हसली नाही. ती गेली आणि घरातून कंदील घेऊन आली, पेटवूनच.

मी तो दोरीने खाली सोडला. दहा फुटांपर्यंत चांगला होता. पंधराला ज्योत बारीक झाली. वीस फुटांच्या आसपास ती पिवळी पडली, एकदा उडी मारल्यासारखी झाली आणि गेली. सर म्हणाले, वारा लागला असेल. विहिरीत वारा कुठला? परत पेटवला, परत सोडला, परत तिथेच विझला. तिसऱ्या वेळी कुणीच हसत नव्हतं. मोतीबाई म्हणाली, झाकून ठेवल्या हिरीत मरण बसलेलं असतंय.

सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी खाली गप झाले असते तर माझ्यामागे ते उतरले असते, त्यांच्यामागे आणखी कुणी. माझे दोन्ही दोर अगदी शाबूत राहिले असते. झाकण परत लावलं, लोकांना टेकडीवर नेलं. मी मोतीबाईच्या ओट्यावर बसून राहिले.

दादा, दोर तुटला नव्हता म्हणजे काय?

साक्षी


डोंगरकडा
ता. २५ मे १९९९

चि. साक्षीस,

त्या शनिवारी तुझं पत्र हातात पडलं तेव्हा अकरा वाजले होते. कळमनुरीपर्यंत मी जीपच्या टपावर बसून गेलो. होस्टेलचा फोन लागेना. तारबाबूनं कागदावरचे शब्द मला मोठ्यानं वाचून दाखवले, बराबर आहे का म्हणून. दोर तुटला नव्हता. पंधरा वर्षांत ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, तेही परक्या माणसाच्या तोंडून. दोन दिवस जेवलो नाही. तुझं पत्र येईपर्यंत पोस्टमनच्या सायकलीचा आवाज आला की मी शाळेच्या मागं जाऊन उभा राहायचो. तो तार घेऊन आलाय असं वाटायचं.

आता ऐक. किशनरावाच्या मळ्यातली विहीर होती, तीन वर्षं उपसा नसलेली. काठावर बा आणि मी, दोघंच. मी एकोणीस वर्षांचा. उतरण्याआधी बा पेटता कंदील तळापर्यंत सोडायचा. ज्योत तगली तर खालची हवा चांगली. विझली तर लिंबाच्या डहाळ्या दोराला बांधून वरखाली करायच्या, वरून बादल्यांनी पाणी ओतायचं, हवा खेळवायची आणि परत कंदील सोडायचा. कंदील सोडल्याशिवाय बा कधी उतरला नाही. त्या दिवशी तो कमरेला दोर आवळत होता आणि कंदील मी सोडला. निम्म्यात विझला.

सकाळी मायनं मला सांगितलं होतं, कंदिलात रॉकेल आहे का बघ. मी बघितलं नव्हतं. मला वाटलं, रॉकेलच संपलं. बाला कळलं तर गावापर्यंत हेलपाटा आणि वर शिव्या. बानं विचारलं, "तगला का रे?"

मी म्हणालो, "तगला, बा."

तो उतरला. थोड्या वेळानं दोराला हिसका बसला, माझ्या तळहाताची साल सोलून दोर खाली गेला. दुसरं टोक बाभळीला बांधलेलं होतं. मी ओढलं. एकट्यानं ओढलं जाईना. हाका मारल्या, खालून आवाज नाही, आसपास माणूस नाही. किती वेळ ओढत होतो ते सांगता येत नाही. बा गेला हे कळलं, तेव्हा मला त्याच्यापेक्षा माझी भीती वाटली. मायला काय सांगू, याची. मी विळ्यानं दोर कापला आणि टोक दगडावर घासलं. लोक आले तेव्हा दोर तुटला म्हणालो. गळ टाकून बाला वर काढलं, म्हणून खाली कुणी उतरलं नाही आणि हवेचं कुणाला कळलं नाही.

एक खोटं झाकायला मी पंधरा वर्षं तुला दोराची भीती घातली. तू दोर तपासत राहिलीस. कंदिलाची गोष्ट जळबाच्या लेकीला ठाऊक असायला पाहिजे होती, ती मी तुझ्यापर्यंत येऊ दिली नाही. बाला मी घालवलं, आणि आता तुलाही घालवणार होतो.

मायला यातलं काही ठाऊक नाही. तू जिवंत आहेस हे पहिलं वाक्य तेवढं वाचून दाखवलं. ती म्हणाली, का बरं असं लिहिलं पोरीनं.

भीमराज


पुणे
बुधवार, २ जून १९९९

दादा,
जयभीम.

तुझं पत्र कालच आलं आणि मी ते उशाखाली ठेवून झोपले. एका रात्रीत सात दिवस गेल्यासारखे वाटले.

मला राग आला आहे आणि मी तो लपवत नाही. एकोणीस वर्षांच्या पोराने शिव्यांच्या भीतीने म्हटलेलं एक 'तगला' मी समजू शकते. त्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं कदाचित. पण एप्रिलात मी तुला सरळ विचारलं होतं, दोर कुठे तुटला. तू मधोमध म्हणालास. तेव्हा तू चौतीस वर्षांचा होतास. आणि मी तुझ्या त्या शब्दावर विश्वास ठेवून विहिरीत पाय टाकला.

पण तारसुद्धा तूच केलीस. तारबाबूसमोर उभं राहून केलीस. ती केली नसतीस तर तुझं खोटं कायमचं झाकलं गेलं असतं, माझ्यासकट. तेवढं मी विसरणार नाही.

आता माझं एक काम कर. तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे. ते आणि हे, दोन्ही मायला वाचून दाखव. या वेळी एकही ओळ गाळायची नाही. ती जे म्हणेल ते जसंच्या तसं मला लिही. तोवर मी काही लिहिणार नाही.

साक्षी


डोंगरकडा
ता. १४ जून १९९९

चि. साक्षीस,
आशीर्वाद व जयभीम.

पाच दिवस पत्रं खिशात घेऊन फिरलो. रोज ठरवायचो आणि रोज उद्यावर ढकलायचो. विहिरीची भीती त्यापुढं काहीच नाही. काल पौर्णिमा नाही की सण नाही, साधा रविवार होता. माय अंगणात तूर निवडत बसली होती. तुझी वहिनी आणि लेकरं शेजारच्या वानखेड्यांकडं गेली होती. मी समोर बसलो आणि दोन्ही पत्रं वाचली. 'तगला, बा' पाशी मी थांबलो. माय म्हणाली, वाच. मी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.

ती तूर निवडतच राहिली. मग जे बोलली ते तू सांगितल्याप्रमाणे जसंच्या तसं लिहितो.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "कंदील भरलेला व्हता. तू बघणार न्हाईस म्हून सकाळी मीच काठोकाठ भरला व्हता. दुसऱ्या दिशी खुट्टीवरचा काढला, तर तेवढाच भरलेला. तुला ताप चढलेला. आठ दिस तू बरळून राहिला व्हतास, तगला बा, तगला. त्या कंदिलातलं रॉकेल चिमणीत वतून मी आठ रात्री तुझ्या उशाला बसले. त्याच उजेडात समदं समजलं मला."

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली काहून न्हाईस.

ती म्हणाली, "नवरा गेला व्हता. बोलले असते तर पोरगंबी त्याच हिरीत गेलं असतं. पर पोरीला कंदिलाचं सांगायला पायजे व्हतं. ते मी बी सांगितलं न्हाई. लेकरू पुण्याला, तिथं कुठली हीर, आसं वाटलं. ही माझी चूक. लिही तिला."

तर हे तिचं लिहिलं. साक्षे, मी इतकी वर्षं मनाला एवढंच सांगत आलो होतो की रॉकेल खरंच संपलं असेल, मला तसं वाटणं साहजिक होतं. आता तेवढाही आडोसा राहिला नाही. रडलो, ते लपवत नाही. मायनं सुपातली तूर बाजूला ठेवली आणि माझा हात उलटा करून तळहात बघत बसली. वण अजून आहे.

मग उठून तिनं माळ्यावरून कंदील काढला. बाचाच. पत्रा गंजलाय, काच मात्र धड आहे. म्हणाली, पोरगी काय घरी बसायची न्हाई, तिला हा धाडून दे. हेडमास्तरांचा मेहुणा परवा कळमनुरीहून पुण्याच्या गाडीनं जातोय, त्याच्याजवळ देतोय. काच फुटू नये म्हणून मायनं आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळलाय, ते लुगडं परत पाठव म्हणते.

मी म्हणालो, रॉकेल पुण्यात मिळतं, रिकामाच देऊ. ती म्हणाली, भरून दे. मी भरला. भरल्यावर झाकण उघडून परत एकदा बघितलं.

तुझा दादा
भीमराज